पहिलीचा प्रवेश: नाशिकमध्ये प्राथमिक शाळा निवडताना काय पाहावे

आमची मुलगी पहिलीत गेली तेव्हा आम्ही पाथर्डी फाट्याजवळ राहत होतो आणि तिची शाळा गंगापूर रोडच्या पार पलीकडच्या टोकाला होती. शाळा नावाजलेली, इमारत देखणी, मैदान मोठे. प्रवेश मिळाल्याचाच आम्हाला इतका आनंद झाला होता की बस तिला घ्यायला सकाळी किती वाजता येणार, हे आम्ही फी भरल्यानंतर विचारले. बस सहा पन्नासला यायची आणि सिडकोतले, गोविंदनगरचे थांबे घेत, मुंबई नाक्याची गर्दी ओलांडून पाऊण तासाने शाळेत पोहोचायची. परतीलाही तेवढाच वेळ लागायचा. दुपारी बसमधल्या ताई तिला झोपेतच खाली उतरवून माझ्या हातात देत, तेव्हा तिच्या डब्यातली पोळी निम्मी शिल्लक असे आणि तिने दिवसभरात काय केले, हे विचारायची सोय नसे, कारण घरी पोहोचेपर्यंत ती खांद्यावर पुन्हा झोपलेली असे.

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायला हवे. जाऊन-येऊन दीड तास प्रवास करणारे मूल त्या २०० दिवसांत ३०० तास बसमध्ये काढते. म्हणजे ८०० तास शिकण्यासाठी ३०० तास खिडकीला डोके टेकून बसणे, असा तो व्यवहार असतो. मी स्वतः पंधराहून अधिक वर्षे पहिली-दुसरीचे वर्ग शिकवत आले आहे, तरी हा साधा गुणाकार मला स्वतःच्या मुलीच्या वेळी सुचला नाही, आणि म्हणूनच हा लेख लिहिताना मला अंतरापासूनच सुरुवात करावीशी वाटते.

सहा ते दहा या वयातल्या मुलासाठी शाळा निवडणे म्हणजे त्याचा रोजचा दिवस निवडणे होय. दहावीचा निकाल, संस्थेचे नाव आणि बोर्ड या गोष्टी त्या दिवसाच्या फार बाहेरच्या आहेत. मूल किती वाजता उठते, कोणाच्या सहवासात बसते, समोरचे बोलणे त्याला कळते की नाही आणि त्याची वही कोणी मन लावून वाचते की नाही, यावर पहिली चार-पाच वर्षे उभी राहतात. पुढील सर्व मुद्दे मी याच नजरेने मांडणार आहे.

घरापासून शाळेपर्यंत

महाराष्ट्रातील नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा उपलब्ध असणे अपेक्षित आहे. हा नियम शासनावर बंधन घालण्यासाठी आहे. पालकांनी मात्र तो स्वतःसाठीही मोजपट्टी म्हणून वापरावा. आपल्या घरापासून दीड-दोन किलोमीटरच्या परिघात असलेल्या सर्व शाळांची यादी आधी करावी, त्यात महापालिकेची शाळाही धरावी, आणि त्या यादीत एकही शाळा पसंत पडली नाही तरच परिघ वाढवावा. बहुतेक घरांत याच्या उलट होते: कॉलेज रोड किंवा इंदिरानगरची एखादी शाळा आधी मनात ठरते आणि मग म्हसरूळहून किंवा अंबडहून तिथे पोहोचायचे कसे, याचा विचार सुरू होतो.

बस किंवा व्हॅन अपरिहार्यच असेल तर तिची चौकशी शाळेइतकीच बारकाईने करावी. शालेय बससंबंधी महाराष्ट्राने २०११ मध्ये केलेल्या नियमांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असायला हवी, आणि मुली प्रवास करत असतील तर बसमध्ये महिला मदतनीस असायला हवी. आसनांपेक्षा जास्त मुले कोंबणारी रिक्षा स्वस्त पडते म्हणून स्वीकारू नये. राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय दिला आहे. आपण पाहत असलेली शाळा तो कसा पाळते, हे विचारण्याचा पालकांना अधिकार आहे. नाशिककरांनी एक गोष्ट आणखी लक्षात घ्यावी. २०२७ मध्ये सिंहस्थ कुंभमेळा आहे, त्यासाठी रस्त्यांची कामे आणि पर्वणीच्या काळातील वाहतुकीतील बदल यांचा सर्वाधिक ताण पंचवटी, द्वारका आणि मुंबई नाका या भागांतून जाणाऱ्या मार्गांवर पडतो. गोदावरी ओलांडून रोज शाळेत जावे लागणार असेल तर हा विचार आजच करणे शहाणपणाचे आहे.

शाळा कोणत्या प्रकारची आहे

आपल्याकडे शाळांची विभागणी बोलताना ‘सरकारी’ आणि ‘खासगी’ अशी केली जाते, परंतु ती पुरेशी नाही. शहरात नाशिक महानगरपालिकेच्या शाळा आहेत, ज्यांत मराठीसोबत उर्दू माध्यमाच्याही शाळा येतात. महापालिकेच्या हद्दीबाहेरच्या गावांत जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. तिसरा प्रकार खासगी अनुदानित शाळांचा, म्हणजे संस्था खासगी परंतु शिक्षकांचे वेतन शासन देते अशा शाळांचा. नाशिकला या प्रकाराची मोठी परंपरा आहे; १९१४ साली स्थापन झालेला मराठा विद्या प्रसारक समाज, १९१८ सालची गोखले एज्युकेशन सोसायटी आणि नाशिक एज्युकेशन सोसायटी या संस्थांच्या शाळांमधून या शहराच्या कित्येक पिढ्या शिकल्या आहेत. चौथा प्रकार विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा, ज्यांचा सारा खर्च पालकांच्या फीमधून चालतो. याखेरीज नाशिकरोड, देवळाली आणि ओझर परिसरात केंद्रीय विद्यालये आहेत, जिथे बदली होणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांना प्राधान्य मिळते.

येथे एक गफलत वारंवार होते. एकाच संस्थेची मराठी शाळा अनुदानित असते आणि शेजारचीच इंग्रजी शाळा विनाअनुदानित असते. क्वचित एकाच इमारतीत पहिलीपासूनचे वर्ग अनुदानित आणि बालवर्ग विनाअनुदानित असतात. त्यामुळे संस्थेचे नाव ऐकून अंदाज न बांधता, आपले मूल ज्या वर्गात बसणार आहे तो वर्ग कोणत्या प्रकारात मोडतो, हे विचारावे. महापालिका, जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत शालेय पोषण आहार मिळतो आणि बालभारतीची पाठ्यपुस्तके समग्र शिक्षा योजनेतून विनामूल्य मिळतात. तेथील शिक्षकांची नेमणूक पात्रता तपासून झालेली असते, हाही लहान लाभ नव्हे. महापालिकेच्या शाळेचे नाव काढताच अनेक सुशिक्षित पालक विषय बदलतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. त्यांच्यातील काही शाळा खरोखरच ओस पडत चालल्या आहेत, आणि काही शाळांत पहिलीच्या बाई मुलांना ज्या जिव्हाळ्याने वाचायला शिकवतात तो जिव्हाळा विकत मिळत नाही. कोणती शाळा कशी आहे, हे आत गेल्याशिवाय कळत नाही.

मान्यता तपासणे हे मात्र घरबसल्या होणारे काम आहे आणि ते टाळू नये. देशातील प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला अकरा अंकी यूडायस क्रमांक, म्हणजे शाळांच्या शासकीय माहितीसाठ्यातील तिचा क्रमांक, असतो. त्यातील पहिले दोन अंक राज्याचे असतात आणि महाराष्ट्राचा क्रमांक २७ आहे. शाळेच्या कार्यालयात हा क्रमांक मागावा आणि यूडायस प्लसच्या संकेतस्थळावर तो टाकून पाहावा. शाळेत किती वर्ग, किती शिक्षक आणि किती विद्यार्थी नोंदलेले आहेत, स्वच्छतागृहे किती आहेत, हे तिथे दिसते. क्रमांक देण्यास शाळा चालढकल करत असेल तर तिथेच थांबावे. मान्यतेविना शाळा चालवणे हा शिक्षण हक्क कायद्यानुसार एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडाचा गुन्हा आहे, तरीही दरवर्षी शिक्षण विभागाला अनधिकृत शाळांची यादी जाहीर करावी लागते. ‘सीबीएसई पॅटर्न’ हे शब्द पाटीवर दिसले तर संलग्नता क्रमांक विचारावा, कारण संलग्नता बोर्ड स्वतः देते आणि ‘पॅटर्न’ हा शब्द कोणीही पाटीवर लिहू शकते.

वय: घाई कोणाची

महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत मुलाला सहा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. केंद्रीय विद्यालयांत हीच अट ३१ मार्चला लावली जाते. याचा अर्थ असा की नोव्हेंबर २०२० मध्ये जन्मलेले मूल राज्याच्या नियमाने जून २०२६ मध्ये, म्हणजे पाच वर्षे सात महिन्यांचे असताना पहिलीत बसू शकते, तर केंद्रीय विद्यालयात त्याला पुढच्या वर्षापर्यंत थांबावे लागते. राज्याचा नियम प्रवेशाची परवानगी देतो, प्रवेशाची सक्ती करत नाही. ऑक्टोबर, नोव्हेंबर किंवा डिसेंबरात जन्मलेल्या मुलांच्या पालकांना मी नेहमी सांगते की पेन्सिल धरताना बोटे दुखत असतील, वीस मिनिटे एका जागी बसणे जमत नसेल, तर एक वर्ष थांबा. वर्गात अकरा महिन्यांनी मोठ्या असलेल्या मुलाशेजारी बसून ‘मला येत नाही’ अशी समजूत करून घेतलेली मुले मी पाहिली आहेत. ती समजूत चौथीपर्यंत जात नाही.

माध्यमाचा प्रश्न

पालकांची सर्वांत मोठी घालमेल येथे असते, आणि ती खरी आहे. इंग्रजी आले नाही तर मूल मागे पडेल ही भीती कोणत्याही आईबापांना असणारच. परंतु ‘इंग्रजी यायला हवे’ आणि ‘सर्व काही इंग्रजीतून शिकायला हवे’ ही दोन वेगळी विधाने आहेत आणि त्यांची गल्लत झाली की निर्णय चुकतो. शिक्षण हक्क कायदा शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे असे म्हणतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषाच माध्यम असावी, असे सुचवले आहे. यामागचे कारण सोपे आहे. वाचायला शिकणे म्हणजे अक्षरांतून आपल्याला आधीच माहीत असलेला शब्द ओळखणे. ‘विहीर’ हा शब्द मुलाने हजारदा ऐकलेला असतो, म्हणून व-ला इकार, ह-ला ईकार, र असे जुळवताना तो शब्द त्याला मध्येच सापडतो आणि डोळे चमकतात. ज्या भाषेतले शब्द कानावरून गेलेलेच नाहीत, त्या भाषेत मूल अक्षरे जुळवते, उच्चार करते, आणि पलीकडे काहीच सापडत नाही. मग ते पाठ करू लागते.

गणितात तर ही अडचण घराघरांत दिसते. मराठीत आपण ‘सत्तावीस’ म्हणतो, म्हणजे सात आधी आणि वीस नंतर. इंग्रजीत वीस आधी येतात. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’सोबत ‘वीस सात’ अशा वाचनाचा पर्याय दिला तेव्हा राज्यभर मोठी चर्चा झाली, ती याच गाठीमुळे. इंग्रजी शाळेतल्या मुलाला आजोबा ‘एकोणसाठ रुपये सुटे आण’ असे सांगतात आणि ते मूल दारात उभे राहून आईकडे पाहते. त्याला गणित येत असते. घरातला आकडा येत नसतो.

असे असले तरी इंग्रजी माध्यम सर्वांसाठी वाईट, असे माझे म्हणणे नाही. घरात कोणीतरी इंग्रजीत सहज बोलत असेल, गोष्टी वाचून दाखवत असेल, आणि शाळेतील शिक्षिका स्वतः त्या भाषेत विचार करणाऱ्या असतील, तर लहान मूल दोन भाषा आनंदाने शिकते. म्हणून तपासायचे ते शिक्षिकेचे इंग्रजी. स्वागतकक्षातील इंग्रजी ऐकून मत बनवू नये. वर्गाच्या दाराशी उभे राहून, मुलाने शंका विचारल्यावर बाई कोणत्या भाषेत उत्तर देतात, ते ऐकावे. फळ्यावर इंग्रजी वाक्य, समजावताना मोडके हिंदी आणि रागावताना मराठी, असा प्रकार असेल तर त्या मुलांना तीनपैकी एकही भाषा धड मिळत नाही. नाशिकच्या बऱ्याच मराठी शाळांत सेमी-इंग्रजीची सोय आहे, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून आणि बाकीचे विषय मराठीतून. ती कितवीपासून सुरू होते आणि गणिताच्या बाईंची स्वतःची तयारी कशी आहे, हे विचारावे. शहरात आनंद निकेतनसारखी मराठी माध्यमाची प्रयोगशील शाळाही आहे, जिथे अनुभवातून शिकण्यावर भर असतो. अशा शाळांचे वातावरण एकदा पाहून आले तर आपल्या नजरेला चांगली सवय लागते, प्रवेश कुठेही घेतला तरी. २०२० च्या कायद्यानुसार राज्यातील सर्व बोर्डांच्या शाळांत मराठी विषय शिकवणे अनिवार्य झाले आहे, तेव्हा इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलाच्या मराठीच्या तासाला नेमके काय चालते, तेही पाहण्याजोगे आहे.

बोर्डाविषयी मी फार लिहिणार नाही, कारण चौथीपर्यंत त्याचा प्रभाव आपण समजतो त्याहून पुष्कळ कमी असतो. बेरीज, वजाबाकी, पाढे, परिसर आणि वाचन-लेखन हे सर्वत्र सारखेच आहे. राज्यातही जून २०२५ पासून पहिलीला राष्ट्रीय धोरणावर आधारलेला नवा अभ्यासक्रम सुरू झाला आहे. वारंवार राज्याबाहेर बदली होणारी नोकरी असेल तर केंद्रीय बोर्ड सोयीचे पडते. इतरांनी या प्रश्नावर झोप उडवू नये.

वर्गात जाऊन काय पाहावे

शाळा पाहायला रविवारी किंवा स्नेहसंमेलनाच्या दिवशी जाऊ नये. साध्या मंगळवारी किंवा बुधवारी, मधल्या सुट्टीच्या थोडे आधी जावे. पहिलीचा वर्ग सजवलेला असतो, म्हणून दुसरीचा किंवा तिसरीचा वर्ग पाहू देण्याची विनंती करावी. तिथे शाळेने दोन वर्षांत काय केले ते दिसते. काही शाळा नकार देतात आणि त्यामागे मुलांची सुरक्षितता हे रास्त कारणही असू शकते. तशा वेळी त्या शाळेत जाणाऱ्या शेजारच्या मुलाची वही मागून घ्यावी. माझ्या अनुभवात शाळेविषयी सर्वांत खरे बोलणारी वस्तू म्हणजे दुसरीच्या मुलाची वही.

शिक्षकांच्या एका प्रशिक्षणानिमित्त मी दोन शाळांच्या वह्या शेजारी ठेवून पाहिल्या होत्या. पहिल्या गठ्ठ्यात ‘माझा आवडता प्राणी’ या विषयावर प्रत्येक वहीत तीच पाच वाक्ये होती: गाय हा माझा आवडता प्राणी आहे, गायीला चार पाय असतात, आणि पुढे तसेच. अक्षर सुरेख, एकही खाडाखोड नाही, खाली लाल शाईत ‘छान’ आणि एक तारा. दुसऱ्या गठ्ठ्यातल्या एका वहीत एका मुलाने लिहिले होते: ‘आमच्या गल्लित एक कुत्रा आहे. त्याचे नाव मोत्या नाही. त्याला नावच नाही.’ गल्लीचा इकार चुकलेला होता. बाईंनी तो खाली एकदा बरोबर लिहून दाखवला होता आणि त्यापुढे निळ्या शाईत विचारले होते, ‘मग तू त्याला कशी हाक मारतोस?’ मुलाने उत्तर दिले होते: ‘शिटी मारतो.’ पहिल्या शाळेत मूल फळा उतरवायला शिकत होते, दुसऱ्या शाळेत ते लिहायला शिकत होते. दोन्ही शाळांच्या फीमधील फरक ऐकला तर आपल्याला धक्का बसेल, कारण महाग शाळा पहिली होती.

वाचन तपासण्यासाठीही युक्ती लागत नाही. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या निपुण भारत अभियानात पायाभूत वाचन आणि गणिताची उद्दिष्टे साध्या शब्दांत दिलेली आहेत. दुसरीच्या अखेरीस मुलाला मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचता यावेत आणि ९९९ पर्यंतच्या संख्या हाताळता याव्यात. तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या. त्या शाळेतील तिसरीच्या मुलासमोर त्याने कधी न पाहिलेले, दुसरीच्या पातळीचे एखादे गोष्टीचे पान ठेवावे. धडा पाठ असणारी मुले पुस्तक उलटे धरूनही वाचतात, म्हणून पान अनोळखी हवे. वाचून झाल्यावर ‘मग काय झाले?’ असे विचारावे आणि त्याच्या उत्तराची वाट पाहावी.

वर्गातली पटसंख्या तोंडी न विचारता हजेरीपटावर पाहावी. कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण आहे. मुख्याध्यापकांना मी एकच प्रश्न विचारायला सांगेन: तीन वर्षांपूर्वी जे शिक्षक येथे होते, त्यांपैकी आज किती जण आहेत? लहान मूल शाळेवर प्रेम करायला शिकते ते एका माणसावर प्रेम करून. दर दिवाळीनंतर बाई बदलत असतील तर वर्गातील वातानुकूलन त्याची भरपाई करत नाही. पुस्तकांचे कपाट दिसले तर पुस्तकांचे कोपरे पाहावेत. दुमडलेले, चिकटपट्टी लावलेले असतील तर समाधान मानावे. आणि स्वच्छतागृह स्वतः जाऊन पाहावे, मधल्या सुट्टीनंतर लगेच. कडी आतून लागते का, पाणी येते का, उंची लहान मुलांना पुरते का. पाणी प्यायले तर तिथे जावे लागेल म्हणून दिवसभर तहानलेल्या राहणाऱ्या मुली मी वर्गात पाहिल्या आहेत.

दप्तर हातात घेऊन पाहावे. राष्ट्रीय दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावे आणि दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा. वीस किलोच्या मुलाच्या पाठीवर दोन किलो, एवढाच तो हिशेब आहे.

सुरक्षिततेबाबत संकोच न करता विचारावे. मुलांना मारणे आणि मानसिक त्रास देणे या दोन्ही गोष्टींना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मनाई आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर राज्य शासनाने सीसीटीव्ही, तक्रारपेटी, मुलांच्या सुरक्षिततेकडे लक्ष देणारी सखी सावित्री समिती आणि कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी यांविषयी शाळांना स्पष्ट आदेश दिले आहेत. समितीवर कोण आहेत, त्यांची नावे भिंतीवर लावली आहेत का, आणि लहान मुलांना स्वच्छतागृहात कोण घेऊन जाते, ही उत्तरे लगेच मिळाली पाहिजेत.

पैसा, मुलाखत आणि पंचवीस टक्के

प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेणे आणि देणगी मागणे, दोन्ही बेकायदा आहे. देणगी घेतल्यास तिच्या दहापटीपर्यंत दंड आहे. चाचणी घेतल्यास पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत. ‘संवाद’ या नावाखाली साडेपाच वर्षांच्या मुलाला रंगांची नावे विचारून बाहेर बसवणाऱ्या शाळेत आपले मूल पुढे कसे वागवले जाईल, याचा अंदाज तेवढ्यावरून येतो.

खासगी शाळांच्या फीवर महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याचे नियंत्रण आहे. शाळेने प्रस्तावित फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीसमोर ठेवायची असते आणि एकदा ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षे बदलायची नसते. ही समिती शाळेत अस्तित्वात आहे का, हे जुन्या पालकांना विचारावे. फीच्या आकड्यात बस, गणवेश, पुस्तके, सहली आणि ‘उपक्रम शुल्क’ मिळवून मगच तुलना करावी, आणि त्यात शिकवणीचा खर्चही धरावा. दुसरीच्या वर्गातील निम्मी मुले संध्याकाळी शिकवणीला जात असतील, तर त्या शाळेत शिकवण्याचे काम अपुरे राहते आहे.

ज्यांचे वार्षिक उत्पन्न एक लाख रुपयांच्या आत आहे, तसेच जे वंचित गटांत मोडतात, त्यांच्या मुलांसाठी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील पंचवीस टक्के जागा राखीव असतात. अर्ज ऑनलाइन करायचा असतो, जास्तीत जास्त दहा शाळा निवडता येतात, आणि सोडतीत एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना आधी संधी मिळते. अनुसूचित जाती-जमाती, भटक्या-विमुक्त, इतर मागासवर्गीय तसेच दिव्यांग मुलांना उत्पन्नाची अट लागत नाही, हे अनेक पात्र पालकांना माहीत नसते. शासकीय किंवा अनुदानित शाळा जवळ असेल तर खासगी शाळांना यातून सूट देणारा नियम राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी जुलैत रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मात्र २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे हे आरक्षण लागू नाही, तेव्हा अर्जात शाळा भरताना ती अल्पसंख्याक संस्थेची आहे का, ते पाहून घ्यावे. राहत्या पत्त्याचा पुरावा आणि तहसीलदारांचा उत्पन्न दाखला अर्ज सुरू होण्याआधीच तयार ठेवावा, कारण मुदत थोडी असते आणि सेतू कार्यालयातील रांग मोठी.

निवड चुकली तर

आम्ही मुलीची शाळा दुसरीच्या सुरुवातीला बदलली. घरापासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या एका साध्या मराठी शाळेत तिचे नाव घातले. पहिल्या महिन्यात तिने डबा पूर्ण खाल्ला आणि संध्याकाळी अंगणात बाहुल्यांना ओळीने बसवून ती शाळा-शाळा खेळू लागली, यापलीकडे मी त्या बदलाचे मोजमाप केले नाही. शाळा बदलणे ही नामुष्की नाही. शाळा सोडल्याचा दाखला तातडीने देणे मुख्याध्यापकांवर बंधनकारक आहे, आणि शासकीय किंवा अनुदानित शाळेत जाताना दाखला उशिरा मिळाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. बदल करायचाच असेल तर तो दुसरी-तिसरीपर्यंत करावा. मैत्री घट्ट झाल्यावर तो मुलाला जड जातो.

प्रवेश कुठेही घेतला तरी त्या दिवशी शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या कायम नोंदवहीत, काय लिहिले गेले, हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचून मगच सही करावी. मुलाचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात आणि पोटजात यांची नोंद जन्मदाखल्याशी आणि घरातील जुन्या कागदांशी अक्षर न् अक्षर जुळली पाहिजे. याच नोंदीवरून पुढे दाखला तयार होतो आणि जात पडताळणीच्या वेळी समिती हीच नोंद मागते. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक दुरुस्त करून घेण्यासाठी बारावीच्या मुलांचे पालक शिक्षणाधिकारी कार्यालयात खेटे घालताना मी पाहिले आहेत, आणि पहिलीच्या दिवशी तेच काम पाच मिनिटांचे असते.